हंगामाआधीची प्रार्थना

पांडुरंगा, कार्तिकीला वारकरी तुझ्या दारी येतात, त्याच सुमारास बीड जिल्ह्यातली आणि पाथर्डी-शेवगावकडची गावं रिती होत असतात. मुकादमाकडून ऊसतोडीसाठी उचल घेतलेली असते, ती फेडायला जाणं भाग असतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पीठ, सरपण, कोंबड्या आणि त्या पसाऱ्यावर बसलेली पोरं. काही टोळ्या कोल्हापूर-सांगलीकडे जातात, काही थेट तुझ्या पंढरपूरच्या आसपासच्या कारखान्यांवर येतात. या पोरांसाठी मी आज मागायला आले आहे, आणि त्यांच्यामागोमाग फडापर्यंत शाळा नेणाऱ्या माणसांसाठीही.

नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. अंधार असतानाच दोघं फडात जातात आणि झोपडीवजा कोपीत धाकट्याला सांभाळायला दहा वर्षांची बहीण उरते. पाणी तिनं आणायचं, भाकरी तिनं करायची. गावातल्या शाळेच्या हजेरीपटावर तिचं नाव असतं. गळीत संपून ती परतते तेव्हा उन्हाळा लागलेला असतो आणि वर्ग अपूर्णांक शिकून पुढे गेलेला असतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. असे दोन-तीन हंगाम गेले की आपल्याला येत नाही, असं ती स्वतःच ठरवून टाकते. देवा, तिला येत नाही असं नाही रे. शिकवलं तेव्हा ती तिथं नव्हती, एवढंच. हे तिला कुणीतरी वेळेवर सांगू दे.

कायदा तिच्या बाजूचा आहे. 2009 चा शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला वयानुसार वर्ग मिळाला पाहिजे आणि मागं राहिलेलं शिकवूनही दिलं पाहिजे, असं तो म्हणतो. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकही आहे. पण परक्या गावात, दिवसभर मोळ्या वाहून आलेल्या आईनं ते पत्रक घेऊन मुख्याध्यापकांकडे कधी जायचं? तिच्यासोबत जाणारं माणूस लागतं. हे माणूस बहुतेक वेळा एखाद्या संस्थेची ताई असते. ती कोपी-कोपी फिरून मुलांची नावं लिहून घेते, शाळेत जाऊन बोलते, शाळा लांब असेल तर गाडी ठरवते आणि धाकट्यांना सांभाळायचीही सोय बघते, कारण त्याशिवाय थोरलीचं शिक्षण सुरूच होत नाही.

विठ्ठला, अशा सगळ्यांना बळ दे. ‘जनार्थ’ संस्थेने साखर कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा चालवल्या. बीडमधल्या आर्वीच्या ‘शांतिवन’ने ऊसतोड कामगारांच्या मुलांना घर दिलं, म्हणजे हंगामात त्यांना आईबापांमागं फिरावं लागू नये. 1988 साली मुंबईत सुरू झालेलं ‘डोअर स्टेप स्कूल’ पुण्यातल्या बांधकामांवरच्या मुलांपर्यंत पोचलं. मूल शाळेत येऊ शकत नसेल तर शाळेनं उठून त्याच्याकडे जावं, हे त्यांनी करून दाखवलं. न्याय म्हणतात तो मला यातच दिसतो.

आता आम्हा देणाऱ्यांसाठी मागते. दप्तरं आणि वह्या द्यायला माणसं आनंदानं पुढे येतात, आणि ती लागतातही. पण वह्या उघडायला लावणाऱ्या ताईचा पगार, गाडीचं डिझेल, खोलीचं भाडं, हिशेब चोख ठेवणाऱ्याचं मानधन, हे मागताना संस्थांना अजूनही संकोचावं लागतं. हा संकोच तू त्यांच्या मनातून काढ. पगार थकला की ताई दुसरी नोकरी बघते, आणि ती गेली की मुलांची यादी, आयांचा विश्वास, सगळं तिच्याबरोबर जातं. म्हणून हा खर्च आम्हाला मनापासून उचलू दे. तोही हंगाम सुरू होण्याआधी. टोळ्या फडावर पोचल्यावर जमवलेला पैसा पुष्कळदा गावी परतायच्या वेळी हाती येतो.

सातत्य दे, देवा. 1919 साली रयत शिक्षण संस्था उभी राहिली ती मोठ्या देणगीदारांच्या भरवशावर नव्हे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि घरोघरच्या बायांनी मूठ-मूठ धान्य बाजूला काढून मुष्टिफंड चालवला. ती मूठ पुढेही निघत राहील, या खात्रीवर पोरं जेवायला बसली. तशी खात्री आमच्या महिन्याच्या छोट्या रकमेलाही येऊ दे.

संस्थांना खरं बोलायचं धैर्य दे. किती मुलं टिकली तसंच किती गळाली हेही त्यांनी मोकळेपणी सांगावं, आणि ते ऐकून आम्ही हात आखडता घेऊ नये. मदत मिळावी म्हणून कुणा मुलाचा केविलवाणा फोटो छापावा लागू नये. आणि शासनाला विसर पडू देऊ नकोस. हंगामी वसतिगृहं दिवाळीआधी उघडायला हवीत आणि शेवटचा कोयता परत येईपर्यंत चालायला हवीत. संस्था आहेत म्हणून सरकारनं हात झटकावेत, असं होऊ नये. सरकारला याचा जाब ठणकावून विचारायची हिंमत देणाऱ्यांनाही दे.

शेवटचं मागणं सगळ्यात निकडीचं आहे. हक्काचा कायदा चौदाव्या वर्षी थांबतो, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरात काळजी तिथूनच वाढते. वयात आलेली पोर मागं कुणाजवळ ठेवायची, फडावर न्यायची तर कोपीला दार नाही, म्हणून आईबाप तिचं लग्न उरकतात. भीतीपोटी उरकतात, पांडुरंगा, त्यांना दोष लावू नकोस. आठवी पास झालेल्या त्या मुलीला तालुक्याच्या गावी, भरवशाच्या वसतिगृहात एक खाट मिळू दे. रात्री दाराला कडी असू दे, आईला फडावरून फोन करता येऊ दे. दहावी होईपर्यंत, आणि तिला पुढे शिकायचं असेल तर त्याच्याही पुढे, त्या खाटेचा खर्च आमच्याकडून दर महिन्याला घेत राहा.