वाडा कुणाचा?



शीव म्हणजे हद्द. मुंबई बेट संपून साष्टी सुरू व्हायची ती ही शीव. मी शीव कोळीवाड्यात राहतो. माझ्या आज्ज्याचा जन्म गावची शीव राखण्यात गेला. १९५८ च्या कायद्यानं महारकीचं वतन गेलं, तोवर तो वेठबिगारीत पिचला.

परवा गावाकडनं पत्र आलं. पाटलाचा जुना वाडा ढासळतोय, गावाचा वारसा आहे, मुंबईकरांनी वर्गणी धाडावी.

वारसा! तो वाडा आम्ही बाहेरूनच पाठ केलेला. दगडी जोतं, दिंडी दरवाजा, आत चौक, भोवती सोपे, लाकडी खांब-तुळया, वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. बांधणाऱ्यांचं शहाणपण मी नाकारत नाही. पण पावसाळ्याआधी माळवदाला लागणारी पांढरी माती आज्जा वाहायचा. भिंतीपर्यंत आणून टाकायची, पुढं दुसऱ्यांनी वर चढवायची. माती वाड्याला चालायची, माती आणणारा चालायचा नाही.

बा म्हणाला, "पडू दे. आपलं काय जातंय?"

मलाही आधी तसंच वाटलं. मग विचार केला, वास्तूला पाप लागतं का? लाकडाला जात नसते. उंबऱ्याला जात माणसानं दिली. आणि आमचं घर कुठाय? कुडाचं होतं, मातीत गेलं. ज्याच्याकडं दगड आणि सागवान, त्याचं घर टिकलं. जे टिकलं त्यालाच आज वारसा म्हणतात. उद्या वाडाही पडला तर आमच्या बाजूचा पुरावा कोणता? लोक म्हणतील, गावात सगळे गुण्यागोविंदानं नांदत होते. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी गावाचे गोडवे गाणाऱ्यांना सुनावलं होतं. तेच गोडवे आता वारशाच्या नावानं परत येताहेत.

म्हणून मी गावाला कळवलं : वर्गणी देतो, पण दारावर पाटी लावा. माती कुणी वाहिली आणि त्याला कुठवर येऊ दिलं, ते तिच्यावर लिहा. पाटी नाही तर पैसा नाही.

अजून उत्तर नाही. बा हसतो. म्हणतो, "पाटी लावतील व्हय रं ते?"

नाही लावली तर आपण लिहू. गावाला जाल तेव्हा वाड्याच्या दारापासून आपल्या वस्तीपर्यंतची पावलं मोजा. म्हाताऱ्यांना विचारा, कुठं थांबावं लागायचं. वहीत उतरवून घ्या. म्हातारी माणसं वाड्याइतकी टिकत नाहीत.

जय भीम.