भूगोलाचे देणे आणि माणसाचे घेणे

आपल्या भरतखंडातील प्राचीन संस्कृती नद्यांनी, घाटांनी व व्यापारी मार्गांनी घडविल्या, हे विधान आता कोणी सहसा नाकारीत नाही. वंगभूमीत चाकरीनिमित्त राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांना तर त्याचा पुरावा शोधण्यास दूर जावे लागत नाही. कोलकात्याच्या ईशान्येस सुमारे ३५ किलोमीटरांवर बेडाचांपाजवळ चंद्रकेतुगडाचे ढिगारे आहेत. १९५६ च्या सुमारास कलकत्ता विद्यापीठाच्या आशुतोष संग्रहालयाने तेथे उत्खनन आरंभिले. तेथल्या भाजक्या मातीच्या मूर्तींतील स्त्रियांची केशरचना आणि अंगभर दागिने पाहिले म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या गावात पैसा खेळत होता, याविषयी शंका उरत नाही. या भूमीत ना दगड, ना खाण. आहे तो गाळ आणि पाणी. परंतु त्याच पाण्यावरून गंगेच्या खोऱ्यातील माल समुद्रास मिळत होता. गंगेकाठच्या बाजारातून तमालपत्र, मोती व तलम कापड परदेशी जाते, अशी नोंद पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आहे.

जे पाण्याने दिले ते पाण्यानेच नेले. ताम्रलिप्ती, म्हणजे आजचे तमलूक, येथे पाचव्या शतकाच्या आरंभी फाहियान दोन वर्षे राहिला व व्यापारी गलबतातून सिंहलद्वीपास गेला. आठव्या शतकानंतर त्या बंदराचे नाव ऐकू येईनासे होते. सोळाव्या शतकात सरस्वती नदी गाळाने भरली, तेव्हा सप्तग्रामचेही तेच झाले. व्यापार हुगळीस गेला.

आमच्या देशावर गलबत चालेल अशी नदी नाही. तेथे सह्याद्रीने कोकणातील बंदरे व पठार यांमध्ये भिंत उभी केली आणि त्या भिंतीतील फटींना, म्हणजे घाटांना, महत्त्व आले. नाणेघाटातील सातवाहनांचा शिलालेख आणि पाण्याची टाकी आजही पाहावयास मिळतात. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपले तेर, हेही ‘पेरिप्लस’कारास ठाऊक होते.

येथवर वाद नाही. वाद पुढे आहे. नदी आणि घाट यांनीच सारे केले असेल, तर माणसाकडे काय उरते? आम्हांला हा प्रश्न केवळ पंडिती वाटत नाही, कारण या शहरात मराठी माणसाच्या नावाने खणलेला एक खंदक होता. १७४१ ते १७५१ या काळात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर वारंवार चालून आल्या. ‘बर्गी’ हे नाव बंगाली मुले अंगाईगीतातून अजून ऐकतात. हा विषय निघाला की आपल्यापैकी पुष्कळजण भूगोलाचा आसरा घेतात : महाराष्ट्र बरड, पाऊस तुटपुंजा, मुलुखगिरी न करते तर खाते काय? अटकेपर्यंत गेलेल्या घोड्यांची गोष्ट सांगताना मात्र हेच गृहस्थ जमिनीचे नाव काढीत नाहीत. तेथे सगळे कर्तृत्व पूर्वजांचे. श्रेय माणसाला आणि दोष मातीला, असा हा हिशेब आहे. सरकारी दप्तरात असा हिशेब कोणी मांडला तर आम्ही त्यास तो परत करू.

शिवाय तो वस्तुस्थितीसही धरून नाही. वऱ्हाड-नागपूरकडची काळी जमीन बरड म्हणावी अशी नव्हे. आणि दख्खनच्या खडकाने माणसाला लुटीसच लावले म्हणावे, तर कार्ल्याचे काय करावयाचे? तेथील चैत्यगृहात धेनुकाकटाच्या यवनांनी स्तंभ दिले, एका गंधी व्यापाऱ्याने दान दिले आणि वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या शेठीने आपले नाव लेखात कोरविले. व्यापारी तेथवर आले ते घाटामुळे, हे खरे. गाठीचे द्रव्य सोडण्यास मात्र घाटाने त्यांस भाग पाडले नाही. तद्वत बंगालच्या संपत्तीने स्वारांना ओढून आणले असेल. परंतु राढ प्रदेशातील गावे जाळावीत, असे भागीरथीने वा वऱ्हाडच्या पावसाने सांगितले नव्हते. दुसऱ्या बाजूस अलिवर्दीखानाने १७४४ मध्ये भास्करपंतांना बोलणीस बोलावून ठार केले. सुजलाम् भूमीतही हे घडले.

स्वारांपासून रक्षण व्हावे म्हणून १७४२ मध्ये कलकत्तेकरांनी जो ‘मराठा खंदक’ खणावयास घेतला, तो पुरा झालाच नाही. स्वार येथवर पोहोचलेच नाहीत. पुढे तो बुजवून त्या बाजूने सर्क्युलर रोड झाला. आज त्या रस्त्याला आचार्य प्रफुल्लचंद्र राय आणि आचार्य जगदीशचंद्र बोस यांची नावे आहेत. आम्हांपैकी कित्येकजण त्यावरूनच रोज कचेरीस जातात.