मुसळ दळून समुद्रात टाकलं, मग?



आजचं वाचन : एकनाथी भागवत, अध्याय 30.

परवाची एक गोष्ट मनातून जात नाहीये, म्हणून तिथूनच सुरू करतो. ऑफिसात जेवताना एकाने बातमी दाखवली. प्रशांत महासागरात तुवालू नावाचा देश आहे. नऊ प्रवाळ बेटं, जमीन सगळी मिळून 26 चौरस किलोमीटर, माणसं साधारण 11,000. समुद्र वर चढतोय म्हणून ऑस्ट्रेलियाने त्यांच्याशी करार केला आणि 2025 मध्ये व्हिसाची पहिली सोडत निघाली. वर्षाला जागा 280. अर्ज, कुटुंबीय धरून, 8,000 हून जास्त.

कुणीतरी म्हणालं, "आपण पीआरसाठी पॉइंट मोजत बसलोय, यांना बसल्याजागी लॉटरी!" दुसरा म्हणाला, "ज्याचं त्याचं प्रारब्ध." सगळे हसले. मीही हसलो.

रात्री पोथी उघडली तर तिसावा अध्याय. द्वारकेच्या शेवटाचा.

आपण सुरुवातीला वाचलेली कथा आठवते ना? यादवांच्या पोरांनी सांबाला गर्भार बाईचं सोंग देऊन ऋषींची थट्टा केली. ऋषी कोपले, म्हणाले हिच्या पोटी कुळाचा नाश करणारं मुसळ जन्मेल. आणि खरंच लोखंडी मुसळ निघालं. मग उग्रसेन राजाने काय केलं? मुसळाचं चूर्ण करून समुद्रात टाकलं. उरलेला लोखंडाचा तुकडाही टाकला. विषय संपला!

आपल्या भाषेत सांगायचं तर फाइल डिलीट केली, रीसायकल बिनही रिकामं केलं.

पण समुद्राने ते चूर्ण लाटांबरोबर किनाऱ्याला आणलं. त्याचं एरका गवत उगवलं. आणि आजच्या अध्यायात प्रभासक्षेत्री, मद्याच्या धुंदीत, हातातली शस्त्रं संपल्यावर यादवांनी तेच गवत उपटून एकमेकांना मारलं. उरलेला तुकडा माशाच्या पोटातून जरा व्याधाकडे गेला, त्याच्या बाणाचं टोक झाला आणि देवाच्या चरणी लागला.

टाकलेलं जात नाही. कुठल्यातरी किनाऱ्याला लागतं.

आता आपलं मुसळ बघा. दीडशे-दोनशे वर्षं जगाने कोळसा आणि तेल जाळलं आणि त्याचा धूर हवेत सोडला. दिसेनासा झाला म्हणजे गेला, असं वाटलं. पण त्यातला बराच कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं हवेत राहतो आणि उष्णता अडवून धरतो. त्या जादा उष्णतेपैकी 90 टक्क्यांहून जास्त समुद्रात मुरते. तापलेलं पाणी प्रसरण पावतं, हे आपण शाळेतच शिकलो. वर हिमनद्या आणि ध्रुवांकडचा बर्फ वितळतो, तेही पाणी समुद्रातच येतं. नासाने 2023 मध्ये सांगितलं की तुवालूजवळची समुद्रपातळी 30 वर्षांत जवळपास 15 सेंटीमीटर वाढली आहे.

15 सेंटीमीटर म्हणजे पेन्सिलीएवढं, त्यात काय मोठंसं? पण तिथली जमीन समुद्रसपाटीपासून सरासरी 2 मीटरच वर आहे. उधाणाच्या भरतीला पाणी फक्त किनाऱ्यावरून येत नाही, सच्छिद्र प्रवाळाच्या जमिनीतून, घरामागच्या अंगणातूनही वर येतं. नदी एकही नाही. पिण्यासाठी टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी. 2011 मध्ये पाऊस लांबला तेव्हा देशात आणीबाणी जाहीर करावी लागली होती. पुलाका नावाचा, आपल्या अळूच्या कुळातला कंद ते खोल खड्ड्यांत लावतात. त्या खड्ड्यांत आता खारं पाणी शिरतं.

आता "प्रारब्ध" हा शब्द घ्या. यादवांनी मुसळ टाकलं आणि त्याचं गवत यादवांच्याच हातात आलं. कर्म आणि फळ एकाच घरात. तुवालूचं तसं नाही. जगाच्या धुरात त्यांचा वाटा शून्यालगत आहे. मुसळ दुसऱ्याने टाकलं, गवत उगवलं त्यांच्या किनाऱ्याला. याला आपण प्रारब्ध म्हणतो तेव्हा कर्मसिद्धांत सांगत नसतो, स्वतःचा हिशेब दुसऱ्याच्या खात्यावर लिहीत असतो. कर्मसिद्धांत स्वतःकडे बघण्यासाठी आहे हो, दुसऱ्याच्या दुःखाला लेबल लावण्यासाठी नाही.

आणि देव काय करतो ते बघा. अध्यायाच्या सुरुवातीला अपशकुन दिसताच तो सुधर्मा सभेत सांगतो, इथे आता क्षणभरही थांबू नका. स्त्रिया, मुलं, म्हातारी माणसं शंखोद्धाराला पाठवा. माझ्यावर श्रद्धा ठेवून बसून राहा, असं तो म्हणत नाही. आणि शेवटी? पायात बाण लागलाय, व्याधाला क्षमा करून झालीय, सारथी दारुक शोधत येतो. तेव्हा देव त्याला सांगतो की समुद्र द्वारका बुडवणार आहे, कुणीही तिथे राहू नका, आपापली माणसं आणि माझे आईवडील घेऊन अर्जुनाबरोबर इंद्रप्रस्थाला जा. निजधामाला निघालेल्या देवाचा अखेरचा निरोप म्हणजे लोकांना सुरक्षित हलवा.

जी नगरी त्याने स्वतःच लोकांच्या रक्षणासाठी समुद्रात वसवली होती, तिच्याबद्दल हे सांगणं सोपं असेल?

तुवालूचे लोकही दोन्ही करतायत. राहण्याची धडपड आहे. फुनाफुटी या राजधानीच्या बेटावर समुद्रात भर घालून 2023 पर्यंत 7 हेक्टरांहून जास्त उंच जमीन तयार झाली. आणि जाण्याची तयारीही आहे. त्या कराराचं नाव फालेपिली, म्हणजे त्यांच्या भाषेत शेजारधर्म. जमीन गेली तरी देश राहील, असं त्यांनी 2023 मध्ये संविधानात लिहून ठेवलं. बेटांचं थ्रीडी स्कॅनिंग करून डिजिटल देश जपण्याचं कामही सुरू केलं. माझ्यासारख्या इंजिनिअरला हे भारी वाटायला हवं. पण बॅकअप कधी घेतात, हे मला माहीत आहे. त्या स्कॅनमध्ये आजोबांची कबर दिसेल, तिच्याजवळ बसता येणार नाही. लॉटरी म्हणून हसलो होतो, ती ही.

कुणी म्हणेल, धूर पाश्चात्त्यांनी सोडला, आपली माणशी सरासरी तर जगाच्या निम्म्याहून कमी. बरोबर आहे. पण त्या सरासरीत माझी गावची आजी आहे, जिने विमान फक्त आभाळात पाहिलं. मी गेल्या वर्षी सहा वेळा विमानात बसलो. आजीच्या आडोशाला मी लपायचं का?

माझा एसी बंद करून फुनाफुटीचं पाणी ओसरणार नाही, हे मलाही कळतं. तरी मी काय टाकतोय आणि ते कुणाच्या किनाऱ्याला लागतंय, एवढं बघणं ही मला आज भक्तीच वाटते. उग्रसेनाने तेवढंच पाहिलं नाही.

आजचा संकल्प : दुसऱ्याच्या संकटाला "प्रारब्ध" म्हणायचं नाही. पुढच्या महिन्यातली पुणे-बंगळूर मीटिंग ऑनलाइन करू, असं मी आज मॅनेजरला लिहिलंय. आणि उद्या जेवताना त्याच टेबलावर सांगणार आहे की परवा मी हसलो, ते चुकलं. हे जास्त जड जाणार आहे.

तुमचा संकल्प तुम्ही ठरवा. उद्या अध्याय 31, शेवटचा.

रामकृष्णहरी!