रुमालाचं भोक

निपाणीकडच्या जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने ठरत नसे. दलाल आणि शेतकरी रुमालाखाली हातात हात घालत. बोटं दाबून आकडा सांगायचा, बोटं दाबूनच वाढवायचा. भोवती गर्दी असली तरी सौदा दोघांतच राही.

एका वर्षी बैलचोऱ्या वाढल्या. फौजदार म्हणाला, "चोरीचे बैल रुमालाखालीच खपतात. प्रत्येक रुमालाला भोक पाडा. माझा शिपाई तेवढा बघेल."

एक म्हातारा दलाल पुढे आला. "साहेब, ज्याच्यावर संशय आहे त्याचं नाव सांगा, त्याचा रुमाल उचलून दाखवतो. सगळ्यांच्या रुमालाला भोक नको."

फौजदाराने ऐकलं नाही. भोकं पडली.

पुढच्याच बाजाराला एक शेतकरी खोंड घेऊन आला. लेकीचं लग्न तोंडावर होतं. अडचणीपोटी त्याने पहिल्याच दलालाला खालचा भाव दाबला. शेजारच्या व्यापाऱ्याने तो भोकातून पाहिला आणि बाजारभर केला. मग त्यावर कोणी चढेना. खोंड मातीमोल गेला. चोर बाजारात फिरकलेच नाहीत. त्यांचे सौदे उसाच्या फडाआड, धडक्या रुमालाखाली होत राहिले.

शेवटी फौजदाराने रात्री नाक्यावर गाड्या थांबवल्या, दाखले मागितले. एका बैलाच्या मांडीवरची डागणी मूळ मालकाने ओळखली. चोर सापडले.

"भोक माझ्या शिपायासाठी होतं," फौजदार म्हणाला.

"होय साहेब. पण डोळा कुणाचा, हे भोकाला कुठं कळतं?"

आज असाच रुमाल आपल्या फोनात आहे. एंड टू एंड एन्क्रिप्शनमुळे मेसेज पाठवणारा आणि घेणारा, दोघांनाच वाचता येतो. 2021 च्या आयटी नियमांनी मोठ्या मेसेजिंग कंपन्यांना बजावलं, हुकूम आला की मेसेज मुळात कोणी पाठवला ते शोधून द्या. त्यासाठी एन्क्रिप्शन मोडावं लागेल, असं म्हणत व्हॉट्सअॅप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. शिपायाच्या डोळ्यावर तरी किती भिस्त ठेवायची? निपाणी ज्या राज्यात आहे त्याच कर्नाटकात 1988 साली फोन टॅपिंगच्या प्रकरणात मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना पद सोडावं लागलं. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने टॅपिंगला अटी घातल्या: गृहसचिवाचा हुकूम हवा, कोणाचं संभाषण ऐकायचं ते त्यात लिहिलेलं हवं, दोन महिन्यांची मुदत हवी, वर समितीची तपासणी हवी. तो म्हातारा दलाल याहून वेगळं काही मागत नव्हता.