एकाच चालीतले सुख आणि दुःख

कोणत्या सुरांनी कोणती भावना जागते, याचा शोध आपल्याकडे फार जुना. नाट्यशास्त्रात भरताने षड्ज आणि ऋषभ वीर, रौद्र, अद्भुत या रसांना दिले, गांधार-निषाद करुणाला. आता मोबाइलवर गाण्यांच्या याद्या ‘उदास’, ‘निवांत’ अशा नावांनी मिळतात. १९९३ साली ‘नेचर’मध्ये एक छोटा शोधनिबंध आला. मोझार्ट ऐकल्यावर महाविद्यालयातल्या ३६ विद्यार्थ्यांना आकृत्यांची कोडी थोडी बरी सुटली आणि दहा-पंधरा मिनिटांत तो परिणाम ओसरलाही. तरी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी नवजात बाळांना अभिजात संगीताच्या ध्वनिमुद्रिका वाटण्यासाठी सरकारी पैसा मागितला. आपल्याकडची गर्भसंस्काराची ध्वनिमुद्रिका याच श्रद्धेवर खपते. या सगळ्यांनी स्वराला औषध मानले आहे आणि ऐकणाऱ्याला रोगी.

मला ही मांडणी अपुरी वाटते, आणि त्याचे कारण जात्यावरची ओवी आहे.

गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी ऐंशीच्या दशकापासून महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हा साठा एक लाखाच्या वर गेला. त्यात माहेरची ओढ आहे, भाऊ दारात आल्याचा हरिख आहे, सासूचा जाच आणि सवतीची सल आहे, पंढरी आहे, बाबासाहेब आहेत. इतके सगळे मावते ते मात्र मोजक्या चालींत. एकच बाई एकाच गळ्यावर, म्हणजे चालीवर, भावाचे कौतुक गाते आणि त्याच गळ्यावर कुंकू पुसल्याचे दुःखही. करुणासाठी वेगळे सूर तिच्यापाशी नसतात आणि तिला ते लागतही नाहीत. भावना चालीत भरून ठेवलेली असती, तर हे घडलेच नसते.

मग चाल करते काय? जात्यावर बसले की ओवी सुचते, असे आपण म्हणतो, ते मी शब्दशः खरे मानतो. पहाटेचा अंधार, समोरासमोर बसलेल्या दोघी, एकाच खुंट्यावर दोघींचे हात. एकीने ओढायचे, दुसरीने पुढे न्यायचे, मध्येच मूठभर वैरण घालायची. या फेऱ्याला श्वास बांधला जातो आणि श्वासाला ओळ. शरीर आधी लयीत येते, मन त्याच्या मागून मोकळे होते. शिवाय गळा सगळ्यांचा, रचनाही पिढ्यान्‌पिढ्यांची. त्यामुळे नवऱ्याने हात उगारल्याचे गाऊनही बाईवर चुगलीचा आळ येत नाही. आपल्याच घरात जे बोलायची सोय नव्हती, ते तिला गाता येत होते. आणि समोरची तिचे दुःख नुसते ऐकत नव्हती. त्याच दगडाचे ओझे तीही ओढत होती.

मिळून गाण्याचे हे बळ लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनाही दिसले. किर्शनर आणि टोमासेलो यांनी २०१० साली चार वर्षांच्या मुलांच्या जोड्या पाहिल्या. काही जोड्या एकत्र गात-नाचत-वाजवत खेळल्या, काही तसाच खेळ संगीताशिवाय खेळल्या. गाऊन खेळलेली मुले नंतर एकमेकांच्या मदतीला अधिक धावली.

यावरून सामूहिक संगीत माणसाला चांगलेच करते, असे मात्र मी म्हणणार नाही. लय शरीरे जुळवते. कशासाठी, ते तिला ठाऊक नसते. कवायतीचा ढोल हेच करतो. मिरवणुकीतली डीजेची भिंतही हेच करते, पण तिथे आवाज फक्त यंत्राचा असतो. शेकडो माणसे एका ठेक्यावर हलतात आणि त्यांतल्या एकाचाही गळा ऐकू येत नाही. अशा जुळण्यात बळ भरपूर असते, पण कोणाचे गाऱ्हाणे त्यात शिरत नाही. संगीताचा माणसाच्या वागण्यावर काय परिणाम होतो, हे विचारताना मी म्हणूनच रागाच्या आधी एवढेच पाहीन की गाणाऱ्याला त्यात स्वतःची ओळ घालता येते का.

गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि बायकांच्या खांद्यांचे कष्ट वाचले. ते दळण परत यावे, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण दळणासोबत गाऱ्हाणे गाण्याची ती जागाही गेली. आज बायका गातात त्या प्रामुख्याने भजनी मंडळात. टाळ आहे, साथ आहे, घराबाहेर पडण्याचा हक्काचा वेळ आहे, आणि हे थोडे नाही. तरी तिथले शब्द बहुधा संतांचे आणि ठरलेले असतात. देवाला आळवता येते; काल रात्री घरात काय झाले, ते अभंगांच्या मध्ये घालता येत नाही. जात्यावर घालता येत होते.