सहाव्या गाडीची पाळी

पुण्यातल्या एखाद्या बंगल्यात रात्री दहाचा सुमार. पोर्चमध्ये दोन इलेक्ट्रिक मोटारी, जिन्याखाली एक स्कूटर. वडिलांची गाडी सातलाच चार्जिंगला लागलेली. मुलगी नऊला आली, तिनेही आपली गाडी लावली. वरच्या खोलीत एसी सुरू झाला, स्वयंपाकघरात इंडक्शनवर दूध तापायला ठेवलं, आणि मीटरपेटीत खट्कन आवाज होऊन मेन एमसीबी पडला. अंधारात सगळ्यांपुढे एकच सवाल उभा राहतो: आता कोणाची गाडी काढायची?

वायरमन या सवालाचं अर्धंच उत्तर देऊ शकतो. उरलेलं अर्धं धर्माच्या प्रांतातलं आहे. ‘शेजारधर्म’ या शब्दात जो धर्म आहे, त्याच्या. मोजकी गोष्ट अनेकांना हवी असली की ती कशी वाटावी, हे माणसाला पाण्याच्या बाबतीत, जमिनीच्या बाबतीत पुन्हापुन्हा ठरवावं लागलं. आता ते पार्किंगमध्ये ठरवायची वेळ आली आहे.

वीजबिलावर ‘मंजूर भार’ असा एक रकाना असतो. एरवी तिकडे कोणी बघत नाही. १६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर मोटार साधारण ३.३ किलोवॉट ओढते, भिंतीवरच्या ३२ अँपिअरच्या चार्जरवर सात किलोवॉटच्या आसपास. मंजूर भार ५ किलोवॉट असेल, तर साध्या सॉकेटवरसुद्धा दोन मोटारी एकदम बसत नाहीत. अर्ज करून भार वाढवता येतो, जाड केबल टाकता येते, थ्री-फेज घेता येतो. तरी हद्द कुठेतरी येतेच.

ही हद्द यंत्र कसं सांभाळतं, ते जवळून बघण्यासारखं आहे. भारतात मोटारींसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या चार्जिंग गनच्या तोंडाशी सात छिद्रं असतात, पाच मोठी आणि दोन बारीक. बारीक छिद्रांपैकी एकातून चार्जर गाडीला इशारा देत राहतो, सेकंदाला हजार स्पंद. स्पंदाच्या रुंदीवरून गाडीला कळतं, आत्ता आपल्याला किती अँपिअर घेता येतील. त्याहून जास्त ती घेत नाही. भार वाटून देणारे चार्जर बसवले, की एकटी गाडी असताना तिला ३२ अँपिअर मिळतात; दुसरी आली की १६-१६. पहिलीची बॅटरी भरत आली की तिची ओढ आपोआप मंदावते आणि उरलेली वीज दुसरीकडे वळते.

या व्यवस्थेला एक तळही आहे. प्रमाणित पद्धतीत ६ अँपिअरपेक्षा कमी वाटा देताच येत नाही; गाडी थांबते. म्हणजे ३२ अँपिअरवर एका वेळी पाच गाड्या चालतील. सहावी आली आणि कोणी समतेच्या आग्रहाने सहा सारखे भाग पाडले, तर प्रत्येकीच्या वाट्याला सव्वापाचच्या आसपास येतील आणि सहाही गाड्या उभ्या राहतील.

सहाव्याचा विषय निघाला की विनोबा आठवणारच. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूदानाला सुरुवात झाली. पुढे गावोगाव फिरताना विनोबा जमीनदारांना सांगत, की तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा हिस्सा द्या. जमिनीत ते शक्य होतं. पाचांनी थोडं थोडं सोडलं की सहाव्याचा तुकडा निघतो. तारेतल्या विजेत मात्र तळाखाली आणखी तुकडे पडत नाहीत. तिथे पाचांना सोडावी लागते ती वेळ.

वेळ वाटण्याची विद्या महाराष्ट्राच्या हाडीमाशी खिळलेली आहे. धुळे-नाशिककडे पांझरा आणि मोसमच्या खोऱ्यांत फड पद्धतीने पाणी पाळीपाळीने फिरत आलं. पाणी देण्याचं काम गावाने नेमलेला पाटकरी करी. शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने पाट फोडायचा नाही. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली आणि तिने वाटणीचं मापच बदललं. पाणी जमिनीच्या एकरांवर मिळायचं नाही, घरातल्या माणसांवर मिळायचं: माणशी अर्धा एकर भिजेल एवढं. भूमिहीनालाही हक्क, आणि उसाला बंदी. कोणाचं किती आहे यापेक्षा कोणाला जगायला किती लागतं, हे तिथे आधी मोजलं गेलं.

तेच माप पोर्चमध्ये लावून बघावं. मोटार एका युनिटमध्ये ढोबळमानाने सहा-सात किलोमीटर जाते. रोजचं येणं-जाणं चाळीस किलोमीटर धरलं तर सहा-सात युनिटं लागतात, म्हणजे साध्या सॉकेटवर दोन तास. दोन मोटारींचे मिळून चार तास झाले, आणि रात्र नऊ तासांची असते. स्कूटरची बॅटरी तर तीन-चार युनिटांची. ती तेवढ्यात सहज उरकते. मग एमसीबी पडला कशाने? प्रत्येकाला आपली गाडी रोज, लगेच आणि शंभर टक्के भरून हवी होती म्हणून. खरं तर रोजच्या वापरात ऐंशी टक्क्यांवर थांबा, असं अनेक गाड्यांच्या बाबतीत बनवणारेच सांगतात. अपरिग्रहाचं व्रत घ्यायला इथे कोणाची गैरसोयसुद्धा होत नाही. फक्त टाकी फुल करण्याच्या जुन्या सवयीतली भीती सोडावी लागते.

घरातली वाटणी जमली तरी तार फाटकाशी संपत नाही. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या डीपीवर चाळीस घरं असतील आणि सगळी संध्याकाळी सातलाच गाड्या लावत असतील, तर ताण साऱ्या गल्लीवर येतो. त्याच्याही मागे चंद्रपूरचं २,९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे; तिथला कोळसा, तिथली धूळ आणि ती श्वासात घेणारी माणसं आहेत. जो केवळ स्वतःसाठी अन्न रांधतो तो पापच खातो, असा विचार गीतेच्या तिसऱ्या अध्यायात आहे. तीन गाड्यांच्या घराला तो नीट लागू पडतो. आपली गाडी धूर सोडत नाही, एवढ्यावर हिशेब मिटत नाही.

सोसायट्यांमध्ये तर हा हिशेब अनोळखी माणसांशी करावा लागतो. केंद्राने २०१९ मध्ये नमुना बांधकाम उपविधींत बदल सुचवला, की नव्या इमारतींत २० टक्के पार्किंगला चार्जिंगची सोय असावी. उरलेल्या ८० टक्क्यांत ज्याची गाडी असेल, तो पाण्याच्या पाटावरचा शेवटचा शेतकरीच. पहिल्या पाच जणांनी चार्जर बसवून सगळा भार अडवला असेल, तर ‘आम्ही आधी आलो, पैसे आम्ही भरले’ हे उत्तर त्याला पुरणार नाही. नायगावात जमीनवाल्यांकडेही ते उत्तर होतंच.

त्या बंगल्यात एमसीबी पुन्हा वर केल्यावर मुलीने दोन्ही गाड्यांचे आकडे बघितले. वडिलांची ७२ टक्के, तिची ३१. “बाबा, उद्या किती लांब जायचंय तुम्हाला?” तिने विचारलं. त्यांना भाजी आणायला कोपऱ्यापर्यंत जायचं होतं. त्यांनीच उठून आपली गन काढली, आणि झोपण्याआधी स्कूटर लावून ठेवायची आठवण आईला केली.