न खाल्लेल्या वाटीचा मान

ईदच्या नमाजनंतर एक तरुण माझ्याजवळ थांबला. नोकरी चाकणच्या कारखान्यात, घर आळंदीत. काही वर्षांपासून त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला वारंवार सूज व जखमा होण्याचा आजार आहे. तो म्हणाला, "मौलाना, आज आठ घरी जायचे आहे. शीरखुर्मा घेतला तर पोटाचे हाल होतात, नाकारला तर माणसे दुखावतात. नाकारणे गुनाह आहे का?"

प्रश्न वाटीचा वाटतो. वस्तुतः तो हक्काचा आहे. यजमानाचा हक्क आपल्या येण्यावर आहे की खाण्यावर?

सहीह मुस्लिममधील हदीसनुसार, आमंत्रण मिळाल्यास ते स्वीकारावे. रोजा असेल तर दुआ करावी, नसेल तर जेवावे. म्हणजे न जेवताही आमंत्रणाचा मान राखता येतो. हजरत मैमूना (रजि.) यांच्या घरी घोरपडीसारख्या प्राण्याचे भाजलेले मांस वाढले गेले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हात मागे घेतला. ते हराम नाही, आपल्याला रुचत नाही, एवढेच सांगितले. हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांनी ते तेथेच खाल्ले. केवळ अरुचीसाठी एवढी मोकळीक, तर आजारासाठी किती असावी! रमजानचा रोजा फर्ज असूनही कुरआनने (२:१८५) आजाऱ्याला सवलत दिली. शीरखुर्मा तर केवळ रिवाज आहे.

२९ जून २०२३ रोजी आषाढी एकादशी व बकरी ईद एकाच दिवशी आली. राज्यातील अनेक गावांत मुस्लिमांनी त्या दिवशीची कुर्बानी पुढे ढकलली. आळंदीत एकादशीला शेजाऱ्याने आपल्या घरचा घास घेतला नाही, तर आपण रुसत नाही. त्याचा उपवास आपल्याला ठाऊक असतो. आतड्याचा आजार मात्र चेहऱ्यावर दिसत नाही, म्हणून आपल्याच भावाकडे आपण कारणे मागतो आणि "एका चमच्याने काय होते?" असा आग्रह धरतो. आग्रह प्रेमातून येतो खरा. पण ज्याने इजा होते ते प्रेम अपुरे आहे.

त्या तरुणाला मी म्हणालो, "आठही घरी जा. सलाम करा, मुलांना ईदी द्या, यजमानासाठी दुआ करा आणि आजार आहे एवढेच निःसंकोच सांगा. औषधाची वेळ चुकवू नका. शरीराचाही आपल्यावर हक्क आहे."

आणि यजमानांनो, नकार एकदाच ऐका. पाणी पुढे करा, जवळ बसा.

अल्लाह आजाऱ्यांना शिफा आणि आपल्याला समज देवो. आमीन.